पंचफुलाच्या तोंडचे शब्द

कारंजा लाडच्या बाजारात मेथी घ्यायची तर पंचफुलाबाईकडूनच, असं म्हणणारी गिऱ्हाइकं बरीच होती. मेथी चांगली असायचीच, पण जुडीबरोबर तिचं बोलणंही मिळायचं. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाची सून बाळंतपणाला गेली, सगळ्यांची ती चौकशी करायची आणि स्वतःचंही काही झाकून ठेवायची नाही.

गावाबाहेर विहिरीला लागून तिचं भाजीचं वावर होतं. नवरा शालिकराम एका सकाळी मोटर सुरू करायला म्हणून त्या विहिरीवर गेला आणि छातीत कळ येऊन तिथंच कोसळला. पुढे वावर तिनं एकटीनं सांभाळलं. मुलगा हर्षल आयटीआय करून चाकणला कंपनीत लागला. त्याचा पाय घरातून निघत नव्हता. "तू एकली कशी राहशीन?" म्हणून तो दारातच बसून राहिला, तेव्हा त्याची बॅग पंचफुलानंच भरली आणि त्याला एसटीत बसवून दिलं. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. ठिबकच्या नळ्या त्यानंच टाकून दिल्या होत्या, गॅसही त्यानंच आणला होता.

शेजारच्या ललिताबाई अंगणवाडीत नोकरीला. त्यामुळे त्यांची निकिता वाढली ती पंचफुलाच्या घरात. शाळेतून आली की सरळ स्वयंपाकघरात शिरायची, डब्यातली पोळी स्वतःच काढून घ्यायची. पंचफुलाला ती 'मोठीमाय' म्हणायची. पंचफुलाला मुलगी नव्हती, आणि तशी उणीव कधी जाणवलीही नव्हती.

निकिता कॉलेजात गेली. तिथे बाहेरून आलेल्या एका सरांनी माहितीपट कसा करायचा याचं शिबिर घेतलं. प्रत्येक गटानं आपल्या भागातल्या एका माणसावर छोटी फिल्म करायची होती. त्याच संध्याकाळी निकिता धावत आली.

"मोठीमाय, मले तुयावरच फिल्म काढाची हाय."

"मायावर? माया काय पायतीन लोकं? वांगे?"

"तू बोलतं ना व, तेच पायजे मले. आनि बनली का आदी तुले दाखवीन, मंग बाकीच्यायले."

पंचफुला हसली. पोरीचं काम होतं, नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

निकिताबरोबर प्रज्वल नावाचा मुलगा कॅमेरा घेऊन यायचा. पंचफुलाच्या पदराला छोटा माइक लावायचे आणि तिच्यामागं वावरभर हिंडायचे. तिला मजा वाटायची. दोघांना ती वांग्याचं भरीत करून जेवू घालायची. एक दिवस निकिता म्हणाली, "मोठीमाय, आज गॅसवर नको करू. बाहेरच्या चुलीवर भाकर टाक. फिल्ममंदी चांगलं दिसते." बाहेरची चूल फक्त आंघोळीचं पाणी तापवायला होती. तरी पंचफुला तिच्यापुढे बसली. मग निकितानं तिला वावरातलं विटकं लुगडं नेसायला सांगितलं. तेही तिनं नेसलं.

त्याच दिवशी निकितानं शालिकरामबद्दल विचारलं. पंचफुलानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "असा गेला का मांगं वळूनयी नाही पाह्यलं. मी हाका मारून राह्यली, मारून राह्यली. घर खायले उठलं मंग." तिचे डोळे वाहू लागले, निकिताचेही. पोरीनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता. नंतर विषय हर्षलवर गेला तशी पंचफुला खुलली. त्याच्या लहानपणच्या खोड्या, ठिबक, रोजचा फोन, सगळं तिनं हसत हसत सांगितलं. प्रज्वल भिंतीवरच्या हर्षलच्या फोटोचं बराच वेळ शूटिंग करत होता.

त्यानंतर निकिताचं येणं कमी झालं. एडिटिंग चालू आहे म्हणायची. मग एक दिवस ललिताबाईच निरोप घेऊन आल्या. कॉलेजच्या हॉलमध्ये फिल्म दाखवणार होते, पंचफुलाला पुढच्या रांगेत बसायचं होतं. आधी मला दाखवणार होती, हे तिच्या मनात येऊन गेलं. पण पोरगी गडबडीत असेल, असं तिनं स्वतःलाच समजावलं आणि ठेवणीतलं पातळ नेसून गेली.

हॉलमधले दिवे मालवले. बासरी वाजू लागली. पडद्यावर चुलीचा धूर, धुरामागं विटक्या लुगड्यातली ती. गॅस कुठेच नव्हता, ठिबक नव्हतं, तिचं हसणं नव्हतं. मग हर्षलचा फोटो पडदाभर झाला आणि त्यावर तिचाच आवाज ऐकू आला: "असा गेला का मांगं वळूनयी नाही पाह्यलं. मी हाका मारून राह्यली, मारून राह्यली."

पंचफुलानं शेजारी बसलेल्या ललिताबाईंकडे पाहिलं. ललिताबाईंना सगळं ठाऊक होतं, शालिकरामच्या मातीला त्या तिच्याजवळ बसल्या होत्या. तरी त्या पदर डोळ्याला लावून रडत होत्या.

निकिताच्या फिल्मला पहिला नंबर मिळाला. सरांनी पंचफुलाला स्टेजवर बोलावलं, शाल पांघरली आणि हातात माइक दिला. इतकं बोलणारी बाई, पण तिला शब्द सापडेनात. शेवटी ती कशीबशी म्हणाली, "हे मी पोराबद्दल नाही म्हनलं. पोरगा चांगला हाय माया."

हॉल टाळ्यांनी भरून गेला. "आईचं काळीज बघा," सर म्हणाले.

निकितानं फिल्म इंटरनेटवर टाकली आणि ती मोबाइलवर फिरू लागली. बाजारात अनोळखी बाया येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवू लागल्या. हर्षलला कंपनीत त्याच्याच लाइनवर काम करणाऱ्या एका मुलानं ती दाखवली. त्या संध्याकाळी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई, मी मांगं वळून नाही पाह्यलं?"

"बाबू, ते तुया बाबांबद्दल होतं रे!"

"पन फोटो तं माया हाय," तो म्हणाला. आणि ठेवतो म्हणाला.

पंचफुला तशीच उठून ललिताबाईच्या घरी गेली. निकिता मोबाइल पाहत बसली होती.

"काहून केलं व असं?"

निकिताची मान खाली गेली. "सर म्हने, फिल्ममंदी दुख पायजे. नुसती सुखी बाई कोन पायते? आनि लोकं किती रडले, मोठीमाय. तुयं नाव झालं."

"मायं नाव झालं, आनि माया पोराचं? तुले तं सगळं मालूम होतं."

निकिता रडायला लागली. फिल्म काढून टाकते म्हणाली, आणि तिथंच काढलीही. पण तोवर ती गावोगावच्या मोबाइलवर पोचली होती. पंचफुलानं एकच मागितलं, "मी हर्षलबद्दल जे बोलली होती, ते दे. त्याले पाठवतो मी."

"ते नाही आता. दुसऱ्या गटाले कॅमेरा पायजे होता, तं प्रज्वलनं कार्ड साफ केलं."

पंचफुला घरी आली. दोन दिवसांनी ती एसटीनं पुण्याला निघाली. अकोल्याच्या पलीकडे ती कधी गेली नव्हती. विचारत विचारत चाकणला पोचली. हर्षल तिला पाहून घाबरलाच. खोलीत बसवून त्यानं पाणी दिलं. तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तू सांगतं तं तसंच असन, आई."

त्या 'असन'नंतर तिनं पाण्याचा पेला खाली ठेवला. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "पन गॅस असून तू चुलीपाशी काहून बसली? ते लुगडं काहून नेसली?"

"निकिता म्हने म्हनून."

"मले एकदा इचारलं असतं."

रात्री त्यानं भात केला, तिला आपली गादी दिली. सकाळी एसटीत बसवायला आला, खिडकीपाशी गाडी सुटेपर्यंत उभा राहिला. फोन पुन्हा रोज येऊ लागला. पण आता तो विचारतो तेवढंच ती सांगते, आणि ती विचारते तेवढंच तो.

पावसाळा संपता संपता निकिताला त्याच फिल्मच्या जोरावर नागपूरला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. ललिताबाई पेढे घेऊन आल्या. पंचफुला सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होती. तिनं हात पुढे केला नाही.

"लेकरू हाय व, चुकलं तिचं," ललिताबाई म्हणाल्या.

"चुकलं असतं तं मी कवाच सोडून देलं असतं, ललिता. थे चुकली नाही. तिनं इचार करून केलं. आनि तू मायाजोळ बसून रडली."

ललिताबाई पेढ्यांचा डबा हातात धरून उभ्या राहिल्या. मग डब्याचं झाकण लावून घराकडे वळल्या. पंचफुलानं पुढची जुडी उचलली, दोरा बांधला, सोडला आणि परत बांधला.