झोलिलेने बुडवलेला पक्षी

झोलिलेला आयुष्यात एकच गोष्ट नीट जमली: न केलेल्या कामाच्या बढाया मारणं. त्याची बायको माभेले वीस वर्षं त्या ऐकत होती आणि तिचे कान किटले होते.

त्या वर्षी मका करपायला लागला, तेव्हा म्हाताऱ्यांनी जुना उपाय काढला. इंत्सिकिझी, म्हणजे जमिनीवर हिंडणारा तो काळा धनेश, धरायचा आणि दगड बांधून नदीच्या डोहात बुडवायचा, की पाऊस पडतो. पुरेसा पडला की पक्षी बाहेर काढायचा, नाहीतर तो थांबत नाही. झोलिले लगेच पुढे सरसावला. गोणीत काहीतरी बांधून आणलं, पक्ष्याच्या नजरेला नजर भिडली तर माणूस आंधळा होतो म्हणून कुणाला उघडू दिलं नाही, आणि डोहात टाकलं.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. मग गावात बकरा कापला की मानाचं डोकं झोलिलेच्या पुढ्यात. त्या डोक्यांवर हा माणूस दोन महिने माजला.

पाऊस मात्र थांबेना. माभेलेचा उभा मका कुजू लागला. वर्षभराचं खाणं तेवढंच. पक्षी काढ म्हणून सगळे मागे लागले, तर झोलिलेची रोज कंबर धरलेली.

माभेलेला शंका होतीच. टेकडीखालचे ते तीन लाल गळ्याचे धनेश ती लग्नापासून बघत होती. दिवसभर गवतातून पायी चालत साप-बेडूक टिपायचे, पहाटे ढोलासारखे घुमायचे. नऊ-नऊ वर्षांत एखादं पिल्लू जगवणारी ही जात; त्यातला एक गेला असता तर तिला कळलं नसतं? आजही तिन्ही बांधावर उभे होते.

ती डोहाच्या कडेला कमरेइतक्या पाण्यात उतरली, गोणी ओढून काढली आणि झोलिलेची मनधरणी करायला घरी येऊन बसलेल्या म्हाताऱ्यांपुढे रिकामी केली. हाडं, पिसं आणि एका पायात तिनेच बांधलेली निळी चिंधी. तिचा टर्की! कोल्ह्याने नेला म्हणून तिने बिचाऱ्या कोल्ह्याला आठवडाभर शिव्या घातल्या होत्या.

झोलिलेला लाज कुठली. "पाऊस तर आला ना?" तो म्हणाला.

माभेलेने डोक्याचं फडकं पिळलं. "आला ना. आता जो बुडवलाच नाहीत, तो बाहेर काढा."

म्हातारे त्याच्याकडे बघत राहिले. छपरावर पाऊस वाजत होता, आणि झोलिलेने सवयीने कंबर धरली.