जिन्यातली हजेरी

अंधेरीच्या आमच्या अभ्यासिकेत मी हजेरीवही सांभाळते. काबूलहून शिकायला आलेली एक मुलगी रोज चार वाजता यायची आणि फोनवर कुजबुजत बसायची. "बोलायचं तर बाहेर जा," मी एकदा तिला फटकारलंच. माझी मेली शिस्त! दुसऱ्या दिवसापासून ती निमूट जिन्यात बसू लागली, मांडीवर गणिताचं पुस्तक घेऊन.

एकदा खाली उतरताना मी थबकले. ती एकेक आकडा पुकारत होती आणि दर आकड्याला फोनमधून पेन्सिलीची टकटक येत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, तिकडे मुलींची शाळा बंद आहे, म्हणून ती फोनवर शिकवते. आवाज शेजारी जाऊ नये म्हणून मुली अशी हजेरी देतात.

सातव्या आकड्याला टकटक आली नाही. तिनं पुन्हा पुकारलं, वाट पाहिली.

"शादी कर दी होगी," ती पुस्तकाकडे बघत म्हणाली.

मी कसंबसं सॉरी म्हटलं. तिनं सरकून मला वाट करून दिली. "यहाँ ठीक है, दीदी. उनके पास तो सीढी भी नहीं."

कोर्स संपला आणि ती गेली. कुठे, ते विचारायचं राहूनच गेलं.

अभ्यासिकेची मागची खोली तेव्हाही रिकामीच असायची. किल्ली माझ्याच ड्रॉवरमध्ये होती.