वसंताची अँबेसिडर

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. एकदा मुलीशी फोनवर बोलताना अगदी ओठांपर्यंत आली होती — मग मी तिला पावसाचं विचारलं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित जमेल.

मेहकरला माझ्या घराला लागूनच वसंताचं घर. तो सरकारी नोकरीतून रिटायर झालेला. माझं बसस्टँडमागे गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. बायको गेली, मुलगी नाशिकला सासरी, नजरही कमी झाली, तेव्हा दुकान बंद केलं. त्यानंतरची संध्याकाळ कशी असते, ठाऊक आहे? सहा वाजतात. मग बराच वेळ सहाच वाजलेले असतात.

त्याच दिवसांत वसंताकडे त्याच्या सासऱ्याची अँबेसिडर आली. ट्रॅक्टरला बांधून ओढत. सासरे जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. देऊळगाव राजाकडच्या त्यांच्या खेड्यात ती गोठ्यात पडून होती, मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. मेहुणा भंगारात देणार होता, पण शोभावहिनींनी, वसंताच्या बायकोनं, अडवलं. त्यांची म्हातारी आई तिकडे अंथरुणाला खिळलेली. दिसत नव्हतं फारसं. तिचं एकच म्हणणं — यांच्या गाडीचा हॉर्न एकदा अंगणात वाजू द्या.

इंजिन गावातल्या मेकॅनिकनं उघडलं. वायरिंग मी घेतलं. आणि वसंतानं घेतली चमक! बॅटरी चार्ज करणारा जुना डायनामो काढून त्याजागी नवा अल्टरनेटर, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, पांढऱ्याशुभ्र उजेडाचे दिवे, संभाजीनगरहून आणलेले क्रोमचे बंपर. ते बंपर तो फडक्यानं पुसत बसायचा.

“पाह्य बे दिगू, दाढी करता येते याच्यात!”

रोज चार वाजले की मी त्याच्या टिनाच्या शेडमध्ये. वहिनींचा चहा. अंधार पडला की त्यांचं ठरलेलं — “भाऊजी, आता जेऊनच जा.” मी नाही म्हणायचो आणि जेवायचो. एखाद्या दिवशी उशीर झाला तर वसंता भिंतीवरून हाक मारायचा. कुणीतरी आपली वाट पाहतं… किती काळानं!

मग एक दिवस गाडी तयार झाली. लोणार रस्त्यावर आम्ही चक्कर मारली. वहिनी मागे बसल्या होत्या, काचेला डोकं टेकून, आणि रडत होत्या. मलाही भरून आलं — हे खोटं नाही. परत आल्यावर वसंता चहा ओतता ओतता म्हणाला, “सोमवारी सासूबाईले भेटून येऊ. अन् मंग हीच गाडी घेऊन पुण्याले. पोरगा कव्हाचा बलावून राह्यला. आता तिकडंच राहू म्हणतो. घर किरायानं देऊन टाकू.”

मी म्हणालो, “चांगलं हाय.”

चांगलं होतंच. मी घरी आलो. भिंतीपलीकडून दोघांचं बोलणं ऐकू येत होतं, पुण्याला काय काय न्यायचं त्याचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दोघं आईसाठी लुगडं घ्यायला बाजारात गेले. शेडची चावी माझ्याकडे असायची. मी बॉनेट उघडलं. कशाला उघडलं? काही तपासायचं राहिलं होतं का? नव्हतं. इंजिनाला ठिणगी देणाऱ्या कॉइलकडे एक बारीक वायर जाते. ती मी दोन बोटांत धरली. पुढेमागे वाकवली. पुन्हा वाकवली. आतलं तांबं तुटेपर्यंत. वरचं रबर शाबूत ठेवलं. आयुष्यभर असे तुटलेले धागे शोधून काढले होते मी. कसे दिसत नाहीत, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मग हात धुतले. चहा करून प्यायलो.

सोमवारी वहिनी नवीन पातळ नेसून, डबा घेऊन मागे बसल्या. गाडी सुरू होईना. वसंता चावी फिरवत राहिला.

“काऊन बे? परवा तं भारी चालली.”

मी बॉनेटमध्ये डोकं घातलं. बराच वेळ तसंच ठेवलं. आणि म्हणालो, “नवीन सामान हाय ना वसंता. जुन्या गाडीले मानवत नाही कधी कधी.”

वायर तोडली ते एक. पण हे वाक्य… हे मी का बोललो? कुणी विचारलंही नव्हतं. वहिनी खाली उतरल्या. आजवर त्यांना नवऱ्यावर आवाज चढवताना मी ऐकलं नव्हतं. “तुमच्या चमकधमकीपायी झालं हे सारं. साधी ठेवली असती तं आज माय भेटली असती मले.”  वसंता बंपरवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

आणि तो एक एक सामान काढायला लागला. अल्टरनेटर काढला, जुना डायनामो बसवला. नवे दिवे काढले. मी पाने देत होतो. संध्याकाळी चहा येत होता, जेवण होत होतं — मला हवं होतं तेच सगळं. फक्त त्या घरात आता कुणी हसत नव्हतं. मेकॅनिकही येऊन गेला. वायरिंग दिगूभाऊंनी केलं आहे म्हणून त्यानं तिकडे पाहिलंच नाही. पाच मिनिटांचं काम होतं माझं. रोज वाटायचं, उद्या करू.

मध्ये वहिनी एकट्याच एसटीनं आईला भेटून आल्या. आईनं विचारलं होतं, गाडी कुठं हाय? वहिनी म्हणाल्या, आणते.

मग फोन आला. म्हातारी गेली होती. आम्ही भाड्याच्या जीपनं निघालो. मी मागे, पाय आखडून. अंगणात बायका बसल्या होत्या. वहिनींची भावजय त्यांच्या गळ्यात पडून सांगत होती, “रस्त्यानं कोणतीबी गाडी वाजली का उठून बसाले पाहे. म्हणे, आली का शोभा?” हे मी ऐकलं. वसंतानंही ऐकलं. तो तोंड फिरवून गोठ्याकडे गेला.

महिनाभरात मुलगा येऊन दोघांना आपल्या गाडीतून घेऊन गेला. निघताना वसंतानं अँबेसिडरची चावी माझ्या हातात दिली. “तूच ठेव लेका. तुयाएवढं कोणी झटलं नाही तिच्यासाठी.”

ते गेल्यावर आठवडाभरात मी ती वायर बदलली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

वसंता फोन करतो. “झाली का बे सुरू?” मी नाही म्हणतो. अजूनही. हो म्हटलं तर तो विचारेल, काय झालं होतं. एकदा तो आपणहूनच म्हणाला, “मायी चूक झाली दिगू. शोभा बोलत नाही, पण तिच्या मनात हाय.” तेव्हाही मी त्याला पावसाचं विचारलं.

गेल्या रविवारी फोनवर वहिनी होत्या. म्हणाल्या, “भाऊजी, विकून टाका ती गाडी. आमच्यापायी तुम्ही किती दिवस तरास काढान?”

मी बरं म्हणालो.