लाइनवरची झाकणं द्या

वाघोली ते भोसरी हे काय प्रवासवर्णन, असं ज्यांना वाटतं त्यांनी मांडीवर कॅमेऱ्याची पेटी घेऊन एकदा बसने जाऊन दाखवावं. आम्ही गेलो. मी मूळची अकोल्याची, आता घरच्यांसोबत पुण्यात; माझा भागीदार सागर वाघोलीच्याच शेतकरी घरातला. त्याच्या शेडमध्ये आम्ही हा कॅमेरा बनवलाय. भोसरीच्या एका कारखान्याने डेमोला बोलावलं होतं. तिथे जमलं नाही तर मी खराडीच्या आयटी कंपनीत रुजू व्हायचं, असं घरच्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. कंपनीला दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायचं होतं. मला ती नोकरी अजिबात नको होती.

निघता निघता कॅमेऱ्याचा पॉवर सप्लाय जळाला, म्हणून नवा घ्यायला आधी बुधवार पेठेतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. इथली दुकानं निवांत उघडतात, तेव्हा जाणाऱ्यांनी आधी शेजारच्या गल्लीत पोहे खाऊन घ्यावेत. गरम असतात आणि खिशाला जड नाहीत. दुकान उघडल्यावर पॉवर सप्लाय मागितला, तर दुकानदारांनी चष्म्यावरून पाहिलं.

"चांगला हवाय की स्वस्त? दोन्ही एकात येत नाही."

चांगला घेतला. मनपाच्या बसस्टँडवरून भोसरीची बस मिळाली. सागरची बाइक होती, पण रस्त्यावरच्या खड्ड्यांनी लेन्सची पार वाट लावली असती.

कारखान्यात पंपाची ॲल्युमिनियमची झाकणं बनतात. आमचा कॅमेरा पापणी लवायच्या आत वेगवेगळ्या अंतरांवर फोकस करत फोटो घेतो. झाकणाचा कुठला भाग कुठल्या फोटोत सगळ्यात स्पष्ट आला, यावरून त्याची उंची कळते. खड्डा असेल तर खोलीसकट सापडतो.

क्वालिटीचे देशपांडे सर झाकणांचा ट्रे घेऊन आले. पाहुणे येणार म्हणून त्यांच्या माणसांनी ती झाकणं आरशासारखी घासून ठेवली होती. फोकस ओळखायला पृष्ठभागावर रेघ, खरखर, काहीतरी लागतं. स्क्रीनवर झाकणाच्या मधोमध काळं भगदाड उमटलं.

"छान," देशपांडे सर म्हणाले. "भोक सापडलं. आमच्या झाकणाला नाही, तुमच्या मशीनला. परदेशी मशीनचं कोटेशन आलेलंच आहे."

मला भयंकर राग आला.

"सर, अशी घासलेली झाकणं तुम्ही पंपाला लावता का?"

"नाही. ही दाखवायला."

"मग लावता ती द्या. लाइनवरची."

"ती बरी दिसत नाहीत हो."

"म्हणूनच हवीत. आणि लाइनचा पट्टा थांबवायचा नाही."

सागर कानाशी कुजबुजला, "चालत्या पट्ट्यावर? आपण शेडमध्ये एवढ्या वेगानं कधी केलेलं नाय."

"आज करू," मी म्हणाले.

पेटी पट्ट्यावर बसवली. कापणाऱ्या हत्यारांच्या रेघा उठलेली मळकट झाकणं सरकू लागली आणि स्क्रीनवर एकेकाचा उंचसखलपणा रंगांत उमटत गेला. मग एका कडेला लाल ठिपका आला. देशपांडे सरांनी ते झाकण उचललं आणि खड्ड्यात नख रुतवून पाहिलं.

"पेटी महिनाभर इथेच राहू द्या. टिकली तर ऑर्डर. नाही टिकली तर घेऊन जा."

घरी आले तेव्हा अंग मोडून आलं होतं, आणि तरी मी खूश होते. महिनाभराची चाचणी म्हणजे ऑर्डर नव्हे, हे घरच्यांनी जेवताना पुन्हा पुन्हा ऐकवलं. खरंच आहे ते. पण चकचकीत झाकणांसमोर मी मान खाली घालून परतले नाही, हेही खरं आहे.

सकाळी खराडीहून फोन आला. मी नाही म्हणाले.

"मॅडम, दुसरी नोकरी लागली का?" पलीकडच्या मुलीने विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आमचं मशीन कामाला लागलंय."