मास्तरांचा बेलबॉटम

सोलापुरात आमच्या गल्लीतले शिंपी मास्तर पन्नास वर्षं बेलबॉटमच शिवतायत. घेर एवढा, की एकेका पायात अख्खं वऱ्हाड जेवून उठावं! फॅशन गेली म्हणून मी चिडवलं, तर म्हणाले, "गेली न्हाय, चहा प्यायला गेलीय."

मागच्या आठवड्यात वैरागची एक मुलगी आली. अपघातात एक पाय आखूड झालेला, त्या पायातल्या बुटाचा तळ चांगला तीन बोटं जाड. शाळेत शिक्षिका म्हणून पहिला दिवस जवळ आलेला. "चाचा, पोरं बुटाकडंच बघतील की."

मास्तरांनी टेप उचलली. नेहमीच्या घेरात त्यांनी आणखी चार बोटं वाढवली.

आज ती पँट घालून मुलगी भर गल्लीत चालली, खाली एकदाही न बघता. मास्तर दारातून ओरडले, "हळू, बेटी! घेरात वारं शिरलं तर थेट वैरागात उतरशील!"