पायाकडची बाजू

आपण केलेलं दान चारचौघांना दिसलं नाही तर माणसाच्या पोटात दुखतं, हे मी आमच्या आळीतल्या मंडळाचा सेक्रेटरी झाल्यावर शिकलो. सेक्रेटरी झालो कारण मीटिंगला उशिरा पोचलो. आमच्याकडं पदं अशीच मिळतात.

माझी मावशी तळेघरच्या वरच्या वाडीत राहते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला दवाखान्यात न्यायचं म्हणजे बांबूला घोंगडीची झोळी बांधायची आणि चौघांनी डोंगर उतरायचा. दर धक्क्याला ती आधी देवाचं नाव घेते, मग उचलणाऱ्यांच्या बापाचं. म्हणून वाडीसाठी चांगलं, पट्ट्यांचं स्ट्रेचर घ्यायचं मंडळानं ठरवलं आणि बाजाराच्या दिवशी आम्ही नारायणगावात डबा घेऊन उभे राहिलो. डब्यात काही टाकणाऱ्याच्या शर्टाला कागदी फुलाचा बॅज लावायचा.

टोमॅटोचा एक व्यापारी गाडीतून उतरला. नोट टाकली आणि छातीवरच्या फुलाकडं बघत राहिला.

"हे पानवाल्यालाबी दिलं ना तुमी?"

"सगळ्यांना एकच आहे, भाऊ."

"मग लोकांना कळायचं कसं, राव?"

प्रश्न बिनतोड होता. पुढच्या बाजाराला आम्ही लग्नात वरबापाला लावतात तसले लाल रिबिनीचे मोठे बॅज आणले. झालं, छोटं फूल घेऊन गेलेले परत आले. "आमी आदी दिलं ही चूक झाली व्हय?" एक गृहस्थ मोठा बॅज लावून दिवसभर मिरवला, पण डब्यापाशी फिरकला नाही, बॅज त्याच्या मेव्हण्याचा होता. सगळ्यांत मोठा अर्थात मी लावला होता. बायको म्हणाली, "नवरदेव, घोडं कुठं बांधलंय?"

एवढं करून स्ट्रेचर आलं, आणि आल्याबरोबर त्यावर देणगीदारांची नावं रंगवायचं निघालं. आमच्या देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरही नावं आहेत. पंखा फिरायला लागला की मालक मान फिरवून आपलं नाव शोधतात. डोक्याकडच्या दांड्यांसाठी झुंबड उडाली. पायाकडं कुणी तयार होईना.

"आजाऱ्याचे पाय माझ्या नावाला लागणार?" व्यापारी म्हणाला. "आईबापानं ठेवलेलं नाव हाय ते."

"मग पेशंटला आलटून पालटून झोपवा," दुसऱ्यानं सुचवलं. यावर गंभीरपणे चर्चा झाली. मीही दोन शब्द बोललो.

ठराव होईना आणि स्ट्रेचर मंडळाच्या खोलीत प्लास्टिकसकट पडून राहिलं. तेवढ्यात मावशीची तपासणीची तारीख आली. ती घोंगडीतूनच खाली आली. रस्त्याला लागली तेव्हा ओठ दाताखाली घट्ट धरलेले, शिव्या द्यायचंही त्राण नव्हतं. जीपमध्ये मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पायाकडं माझं नाव लिवा. पाय तर माझेच हायेत."

मी हे मोठ्या उमेदीनं मीटिंगमध्ये मांडलं. अध्यक्षांनी चष्मा पुसला.

"पण त्यांनी निधी कुठं दिलाय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

पुढच्या महिन्यात मावशीला परत उतरायचंय, आणि स्ट्रेचर अजून प्लास्टिकातच आहे. तिचा फोन येतो, "आलं का रं ते?"

"आलंय, मावशी," मी सांगतो. "रंग वाळतोय."