मोतीबिंदू पिकू दे

आमच्या घरात दादाला विचारल्याशिवाय म्हैससुद्धा विकत नसत. वडील गेल्यापासून तो म्हणेल ती पूर्व दिशा, आणि मी त्याच्या पाठचा, म्हणजे ऐकायलाच जन्मलेला. त्यामुळे दुधाच्या टेम्पोचा डावा आरसा दुसऱ्यांदा कुणाच्या तरी गोठ्याला घासून फुटला, तेव्हा मी कर्जतच्या दवाखान्यात न जाता दादाकडे गेलो. डाव्या अंगाने येणारी मोटारसायकल मला एकदम नाकासमोर आल्यावरच दिसायची. दूध घालणारे हसायचे, "सकाळी सकाळीच घेतली का काय?" उभ्या आयुष्यात मी बाटलीला शिवलेलो नाही, म्हणून तर जास्तच संताप यायचा.

दादाने मला अंगणात उन्हाकडे तोंड करून उभं केलं, पापणी वर ओढली आणि निकाल दिला. "मोतीबिंदू हाय. माझा बी तसाच हाय. पिकू दे. कवळा काढला की डोळा हातचा जातो." आमच्याकडे मोतीबिंदूला आंब्यासारखंच वागवतात, आढीत घालायचा आणि वाट बघायची. मीही घातला. दुखत नव्हतं, डोळा लाल होत नव्हता, मग घाई कशाची? मधल्या काळात दादाच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न झालं, नेवाशाला दिली तिला.

लग्नानंतर वर्षभराने भर दुपारी माझ्या टेम्पोचा एका सायकलवाल्याला धक्का लागला. त्याचं खरचटण्यावर निभावलं. या वेळी कुणालाही न विचारता मी नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यातला दाब मोजला, एका यंत्रात डोकं घालायला लावून बारीक दिवे दिसतात का ते बघितलं, आणि म्हणाल्या, "हा मोतीबिंदू नाही. काचबिंदू आहे. डावा डोळा जवळजवळ गेलाय. उजव्यातलं उरलंय ते सांभाळू."

"ऑपरेशन केल्यावर डावा येईल ना?" मी विचारलं.

"यात गेलेली नजर परत येत नाही," त्या म्हणाल्या. थेंब रोज टाकायचे, जन्मभर. टाकून जास्त दिसणार नाही, आहे ते टिकेल. असलं औषध मी पहिल्यांदाच ऐकलं. टेम्पोही बंद करायला सांगितला. मग त्यांनी विचारलं, "घरात कुणाला आहे का? हा आजार भावंडांत असतो." मी छातीठोकपणे नाही म्हणालो.

एसटीतून उतरलो तो थेट दादाच्या घरी. त्याचाही मोतीबिंदू नसला तर, हीच काळजी होती. थेंब गारव्यात ठेवायचे म्हणून वहिनीच्या हातात बाटली दिली. तिने फ्रीज उघडला आणि दारातली दुसरी बाटली काढून दाखवली. "अगं बाई! भावजी, ह्यांचं बी हेच औषिद हाय की. मोतीबिंदूचं." बिचारीलाही त्याने तेच सांगितलं होतं.

दादा खाटेवर बसला होता. त्याने मान खाली घातली.

"कवापासनं?" मी विचारलं.

"पोरीला स्थळं बघत हुतो, तवापासनं."

"भावाला तपासून घ्या, असं डाक्टर म्हनला न्हाई?"

"म्हनला हुता." मग जरा चढ्या आवाजात, "घरात आंधळेपनाचा रोग हाय म्हनल्यावर सोयरीक कोन करील? तू दवाखान्यात गेला असता तर गावभर झालं असतं. लगीन झालं की सांगनारच हुतो."

लग्न होऊन वर्ष उलटलं होतं. वैऱ्याने केलं असतं तर शिव्या घालून मोकळा झालो असतो. इथे सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि वर म्हणत होता, "पोरीच्या सासरी कळू दिऊ नको." वहिनीने वाढायला घेतलं होतं, मी तसाच उठलो.

घरी येऊन पुतणीला फोन लावला. बापाच्या अब्रूपायी तिचे डोळे तरी जायला नकोत. सगळं सांगून म्हणालो, "उद्याच्या उद्या तपासून घे, बाई."

ती गोंधळली. "काका, माझं तपासलंय की. लग्न ठरायच्या आधीच आप्पांनी पुन्याला नेलं हुतं. काय न्हाई निघालं. कुनाला बोलू नको म्हनले हुते. पर तुमाला म्हाईत न्हाई?"

बरं झालं, म्हणालो. पोरीच्या बाबतीत ते खरंच होतं. फोन ठेवला आणि तो दिवस आठवला. आळंदीला दर्शनाला जातो म्हणून दोघं निघाली होती, आणि स्टँडपर्यंत मीच त्यांना टेम्पोतून सोडलं होतं. दादा शेजारी बसला होता. वाटेत माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला होता, "हळू घे. डावीकडनं बाई चाललीया, तुला दिसंना."